नाव मी घातलं, ॲप तिचं अडलं

लॅपटॉप बेचाळीस हजार. माऊस तीनशे. नारळ, झेंडू आणि विड्याची पानं खंडेराव मार्केटातून, नव्वद रुपये... घटस्थापनेच्या दिवशी आमच्या घरी एवढं आलं. ते वहीत मांडून झालंय. जे मांडता येत नाही ते इथे लिहिते.

लॅपटॉप माझ्या सुनेचा, अश्विनीचा. नोकरी सोडल्यानंतरचं तिचं हे स्वतःचं पहिलं काम. पादरा गावच्या शैलाताई दिवाळीचा फराळ करून विकतात, बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत त्यांच्याच चकल्या येतात. त्यांना ऑर्डरी घ्यायला मोबाईलचं ॲप हवं होतं, आणि दसऱ्याला ते त्यांच्या फोनमध्ये चालवून दाखवायचं ठरलं होतं.

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने नाव विचारलं. अश्विनी स्वतःचं टाईप करणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांब. नवी वही उघडली की आपण आधी वर 'श्री' काढतो ना... मग तिच्याकडून मराठीतच 'श्री अंबाबाई प्रसन्न' लिहून घेतलं. हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, आता काम अडायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी अडलं.

ती सगळं लिहायची आणि ॲप बांधायला टाकायची. त्याला बिल्ड म्हणतात म्हणे. भाजणी, मोहन, मीठ सगळं मोजून घेतलं तरी सोऱ्यातून चकली बाहेरच येऊ नये, तसं काहीसं... पडद्यावर लाल ओळी यायच्या आणि मधेच प्रश्नचिन्हांची एक रांग. बिचारी सगळं काढून परत घालायची, फाईली इकडच्या तिकडे हलवायची. शेजारच्या मीनाबेन "चाल ने, अश्विनी!" म्हणून गरब्याला बोलवून जायच्या. ही कुठे हलतेय?

आणि मी? रोज सकाळी लॅपटॉपवर फूल ठेवायचं आणि येता-जाता बोलायचं. "एवढं इंजिनिअरिंग केलंस, आणि एक ॲप सुरू होईना?" दुकानदार लॅपटॉप परत घेईल का, तेही एकदा विचारून झालं. ती आपली म्हणायची, "होईल, आई."

नवमीला माझा मुलगा निखिल कोयलीच्या रिफायनरीतली शिफ्ट संपवून आला. मी बाजूलाच नैवेद्याच्या पुऱ्या लाटत होते. पडदा बघून तो हसायलाच लागला. "अगं, ही प्रश्नचिन्हं म्हणजे आईची अंबाबाई आहे! खात्याचं नाव प्रत्येक फाईलच्या पत्त्यात येतं, आणि या सॉफ्टवेअरला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत. इंग्रजी नावाने नवीन खातं उघड, संपलं." अश्विनीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं... पण मी पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, आई. पण तुम्ही हळदकुंकू वाहून लिहून घेतलेलं... ते मी कशी टाकून देऊ? वाटलं, नावाला हात न लावता काहीतरी रस्ता निघेल."

मी लाटणं खाली ठेवलं.

म्हटलं, उघड नवीन खातं, आत्ता. संध्याकाळच्या आरतीपर्यंत लाल ओळी गेल्या होत्या. पण ॲपचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं होतं, आणि दसरा दुसऱ्याच दिवशी... शैलाताईंनी फोनवर गोड शब्दांत सांगितलं की यंदा राहू दे, वहीवरच ऑर्डरी घेते. अश्विनी म्हणाली, "हो ताई, उशीर माझ्याकडूनच झाला." मी समोर उभी होते. तिने माझं नावसुद्धा घेतलं नाही.

अंबाबाई एवढ्यावरून रागावली नसती, हे अश्विनीला ठाऊक होतं. मी रागावले असते, हेही तिला ठाऊक होतं... तेच आठवून रोज देवापुढे बसल्यावर मान खाली जाते.

देवीचं नाव आता चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवलंय. कशातही अडत नाही.

शैलाताई, भजनी मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही माझं लिहिलेलं वाचता, म्हणून हे सगळ्यांदेखत सांगते. ॲप तयार आहे, चकलीच्या फोटोसकट. उशीर तिच्याकडून झाला नाही, माझ्याकडून झाला. काम द्या न द्या, तुमची मर्जी. पण हे वाचलंत की पूर्वी म्हणत तसं उलट टपाली कळवा... मला नको, अश्विनीला.