लेकीचं नाव विम्यात

सिंगापूरमध्ये गाडी घेणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं, हे माझ्या नवऱ्याचं ठरलेलं वाक्य. तरी आम्ही तो बांधला होता. नवरा तांजोंग पगारच्या ऑफिसला एमआरटी मेट्रोने जायचा आणि हत्ती मी हाकायचे. लेकीची शाळा, तिचं पोहणं, भाजी, मराठी मंडळाच्या तालमी, सगळं मीच करायचे. शेजारी बसून कुणी मला ब्रेक कधी दाबायचा ते सांगितलेलं अजिबात खपायचं नाही.

त्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. वाईट निघाली. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन घ्यायचं ठरलं. नेमकी लेकीची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा माझी टी.वाय.ची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर देऊन मी पुण्याच्या घरी आले, हातपाय धुतले, जेवले, आणि मग घरच्यांनी मला सांगितलं. मी चिडले वगैरे नव्हते. परीक्षा असली की घरातलं आजारपण मुलांपासून लांब ठेवायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नाही.

म्हणून लेकीला सांगितलं, साधी गाठ होती, काढली, संपलं. रोज दुपारी कुठे जातेस, तर फिजिओथेरपीला. ऑपरेशनपासून हात वर जात नव्हता हे तर तिला दिसतच होतं, म्हणजे मी गाडी का चालवत नाही याचंही उत्तर आपोआप मिळालं. नवऱ्याला मी बळेच ऑफिसला पिटाळलं. नोकरी आहे तोवरच इथे राहायची परवानगी, अशा माणसाने रजा जपून वापरलेल्या बऱ्या. उद्या काय वाढून ठेवलंय कुणाला माहीत.

तेव्हा मी टॅक्सीने जायला लागले. पहिल्याच दिवशी परत येताना मागच्या सीटवर मला रडू कोसळलं. ड्रायव्हर साठीचे चिनी अंकल होते. त्यांनी काही न विचारता टिश्यूचं पाकीट मागे दिलं आणि एसी थोडा कमी केला. उतरताना मी त्यांचा नंबर घेतला. त्यानंतर रोज दुपारी ते आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी उभे असायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, परत उलटलं तर काय, लेकीला अजून सांगितलेलं नाही, परीक्षा संपली की सांगणार, आणि मला किती भीती वाटते. सगळं इंग्लिशमधून. त्यांच्यासमोर मी आईही नव्हते आणि बायकोही नव्हते, त्यामुळे भडाभडा बोलता यायचं. ते ऐकायचे आणि मधेच ‘अय्या, आंटी’ म्हणायचे, म्हणजे आपलं ‘अरेरे’. बस, तेवढं मला पुरायचं.

परीक्षा संपली. आता सांगू, मग सांगू, करत मी आणखी काही दिवस ढकलले. मेलं तोंडच उघडेना. त्या शनिवारी लेकीला शाळेच्या निरोप समारंभासाठी बूट घ्यायचे होते. सवयीने मी अंकलना फोन लावला. लावताना डोक्यात काही आलं असेल तर शपथ.

आम्ही दोघी टॅक्सीत बसलो. अंकलनी आरशातून लेकीकडे पाहिलं आणि छान हसले. परीक्षा संपल्यावर मी मुलीला सांगणार, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मुलगी शेजारी आहे म्हणजे सांगून झालं, असंच त्यांनी धरलं असणार. भला माणूस. म्हणाले, “युअर डॉटर आह? गुड, गुड. गर्ल, युअर मम्मी व्हेरी ब्रेव्ह लेह. एव्हरी डे रेडिएशन, नेव्हर कंप्लेन.”

बूट राहिलेच. तिने अंकलना टॅक्सी परत घरी वळवायला सांगितली. आरडाओरडा केला असता तर मी तो निभावून नेला असता, त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण संध्याकाळी बापाला समोर बसवून तिने एकेक गोष्ट विचारून घेतली आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आली ती लायसन्स घेऊन. डिसेंबरच्या सुट्टीत तिने ते काढलं होतं आणि तेव्हापासून ते खणात पडून होतं. मला म्हणाली, यापुढे तुला मी नेणार.

मी म्हटलं, डोंबलाचं नेतेस. विम्यात तुझं नावच नाही.

मग घाल, म्हणाली.

झालं. बापलेक फोन घेऊन बसले. एक कंपनी इतक्या लहान मुलीला घेतच नव्हती. दुसरीने जो आकडा सांगितला तो ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं. या पैशात अंकल तुला वर्षभर फिरवतील आणि वर जेवूही घालतील, असं तो म्हणाला. मला तेवढंच हवं होतं. मी लगेच सुरू केलं, विषय संपला, उगाच पैसे उधळायचे नाहीत, उरल्या दिवसांसाठी टॅक्सी काय वाईट आहे. खरं तर तिला माझ्यासोबत त्या हॉस्पिटलमध्ये बसलेलं मला बघायचंच नव्हतं. अठरा वर्षांच्या पोरीने त्या खुर्च्यांवर काय म्हणून बसावं? मला ते आजही पटत नाही.

ती मात्र चिवट. मंडळात इन्शुरन्समध्ये नोकरी करणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना तिने स्वतः फोन केला. ही एरवी मंडळात तोंड उघडेल तर शपथ, आणि त्या दिवशी चक्क मराठीत बोलत होती. मावशींनी तोड सुचवली. बाबांच्याच पॉलिसीत जादा ड्रायव्हर म्हणून नाव घाला, आणि अपघात झालाच तर नुकसानीचा पहिला मोठा भाग तुम्ही सोसायचं कबूल करा. म्हणजे हप्ता बराच खाली येईल. नवऱ्याने हिशोब करून मान डोलावली. परवडत होतं.

मग मी दुसरी बाजू धरली. आणि ठोकलीस म्हणजे? पहिला फटका आपल्यालाच बसणार ना?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “आई, पैसे, अपघात, हे सगळं तू उगाच बोलतेयस,” ती म्हणाली. “अंकलना माहीत होतं. मला माहीत नव्हतं.”

ही मुलगी घरात एरवी इंग्लिशमध्ये बोलते. हे मराठीत बोलली, हळू, शब्द शोधत. मी उठून ओट्यापाशी गेले, कारण नसताना गॅस पुसला, आणि तिथूनच नवऱ्याला सांगितलं की घाल बाबा तिचं नाव.

कागद यायला काही दिवस गेले. ती मला पहिल्यांदा नेणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी अंकलना फोन करून कळवलं. ते म्हणाले, डॉटर ड्राइव्ह, बेटर. आपली रोजची ट्रिप गेली म्हणून माणूस इतका खूश झालेला मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीने गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेला नवशिक्यांचे नारिंगी त्रिकोण चिकटवले आणि आम्ही निघालो. आमच्या गाडीत पहिल्यांदाच मी डावीकडच्या सीटवर बसले होते. पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते आणि तोंड गच्च मिटून घेतलं होतं. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढे काढून, इतकी सावकाश चालवत होती की बससुद्धा आम्हाला ओलांडून गेली.

सिग्नलला गाडी थांबली. रस्त्यावरची नजर न हलवता तिने विचारलं, “अंकलना काय सांगायचीस?”

काही नाही गं, असंच, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, आणि तिच्या गळ्याशी एक शीर उडताना मला दिसत होती. मग मीही समोर बघितलं.

“मला खूप भीती वाटते,” मी म्हटलं. मराठीत हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

सिग्नल हिरवा झाला. तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर लावला.

“मला पण,” ती म्हणाली, आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला गाडी वळवली.