डूख धरणारे मोहिते

मोहिते अपमान विसरत नसत. शाळेत ज्या मास्तरांनी त्यांना 'तू गुरंच राखणार' म्हटलं होतं, त्यांच्या घरी ते इंजिनीअर झाल्यावर पेढे घेऊन गेले आणि मास्तरांनी पेढा तोंडात टाकेपर्यंत दारातून हलले नाहीत. तळोज्याच्या आमच्या केमिकल कारखान्यात त्यांना मागून 'नागोबा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हनू देत," ते सातारी हेल काढून म्हणायचे, "नागाच्या वाटेला कोन जात न्हाय."

मी त्यांच्या हाताखाली लागले. दोघंही कामोठ्यात राहणारे, म्हणून सकाळी त्यांच्याच गाडीतून जायचे. हाताखालच्या माणसावर त्यांनी कधी डूख धरला नाही. आमच्या चुकांवर ते घसा फोडून ओरडत आणि दुपारी डबा उघडला की स्वतःची शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवत. डूख असायचा तो वरच्यांवर.

उन्हाळ्यात आमची रिॲक्टरची भांडी नीट थंड होत नसत, माल बिघडायचा. मोहित्यांनी पाण्याची लाइन कशी बदलावी ते शोधून काढलं. प्लांट हेड, म्हणजे आमचे मोठे साहेब, "बघू" म्हणाले आणि विसरले. पुढच्या वर्षी मुंबईहून एक सल्लागार आला. मोहित्यांच्या शेजारी बसून जेवला, सगळं विचारून घेतलं आणि तेच पडद्यावर मांडलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मोहिते उभे राहिले. "सर, हे मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

"मोहिते, तुम्ही पगारी माणूस," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "सल्ला देणारे वेगळे असतात. बसा खाली."

मोहिते बसले. परतताना त्यांनी कळंबोलीला गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "पोरी, आता मीच सल्लागार होतो."

बोलणं सोपं होतं. मुलगी बारावीला, फ्लॅटचे हप्ते चालू, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, स्पष्टच म्हणाल्या, "राग हे काय धंद्याचं भांडवल आहे का?"

"याच्याइतकं स्वस्त भांडवल दुसरं कुठलं?" मोहिते म्हणाले खरे, पण राजीनामा कित्येक महिने खिशातच होता. काही सकाळी गाडीत मलाच विचारायचे, "फसलो तर साहेब हसंल, नाही?" फसण्यापेक्षा त्या हसण्याची त्यांना जास्त भीती होती. शेवटी वहिनीच वैतागल्या. "जा एकदाचे. रोज रात्री झोपेत त्या माणसाशी भांडता, मला झोप नाही."

राजीनामा दिल्यावर सुरुवातीला कुणी दारात उभं केलं नाही. मग छोट्या कारखान्यांतून बोलावणी येऊ लागली. त्यांचा एक नियम होता. उपाय मांडताना तो मुळात तिथल्या कुठल्या माणसाला सुचला होता, त्याचं नाव घ्यायचं आणि मालकासमोर त्याला उभं करायचं. "हा माझा सूड," म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी आमच्याच मालकांनी त्यांना बोलावलं. माल पुन्हा बिघडत होता. तोच हॉल होता. साहेब हसत पुढे झाले, "या या मोहिते, तुम्ही तर आपलेच!" आणि मालकांना स्वतःच सगळं समजावू लागले.

"साहेब, बसा खाली," मोहिते शांतपणे म्हणाले. "सल्ला देणारा बोलतो तेव्हा पगारी माणसानं मधी बोलू नये."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मोहित्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माल कशानं बिघडतो, तो दोष या मॅडमनी सहा महिन्यांपूर्वीच दाखवला होता. साहेबांनी दाबून ठेवला. उठा, मॅडम." मी उठले. मालकांनी त्या दिवसापासून उत्पादनाचा निर्णय साहेबांच्या हातून काढून घेतला.

"गोड लागलं गं," गाडीत बसता बसता मोहिते म्हणाले.

"मग आता राग गेला?"

"छ्या! राग जातो होय? मुरतो. लोणच्यावानी."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी छातीत कळ आली आणि मोहिते गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. एव्हाना निवृत्त झालेले साहेबही हार घेऊन आले. कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. "मोहित्यांमधला सल्लागार मीच ओळखला होता," ते गहिवरून म्हणाले. "नोकरी सोडा, मोठे व्हा, असं मीच त्यांना सांगितलं."

लोक माना डोलावत होते. मी उठले आणि त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "साहेब, मेलेल्या माणसाचंही श्रेय खाणार तुम्ही? भर मीटिंगमध्ये त्यांचा अपमान केलात, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. मी तिथे होते."

"अगं, आज तरी नको," मागून कुणीतरी पुटपुटलं. साहेब खाली मान घालून दाराशी चपला शोधू लागले. मला दया आली नाही, पण वहिनींकडे बघायचा धीर होईना.

वहिनी उठल्या. पदरानं डोळे पुसून त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "पाणी पी आधी," त्या म्हणाल्या. "आणि माइक कुणाला देऊ नकोस."