अर्ध्या बाटलीचा नकाशा

त्या दिवसांत मी इतका दमलेला असायचो, की बारामतीच्या एसटी स्टँडवर उभ्याउभ्या डुलकी काढण्याची विद्या मला साधली होती. दुसरी कुठली साधत नव्हती. पीएच.डी.ची मुदत संपत आली होती आणि हातात काही नव्हतं.

विषय होता मेंढीच्या दुधातलं प्रथिन. ते वेगळं काढायचं आणि त्यावर ट्रिप्सिन सोडायचं. हे विकर प्रथिनाला ठरलेल्या जागीच तोडतं. मग ते तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, यंत्राच्या नळीतून जाताना एकेक करून सुटे होतात आणि कागदावर पेन शिखरं काढत जातं. हाच त्या प्रथिनाचा नकाशा. कानाची खूण बघून मेंढरू कुणाचं ते सांगावं, तसं नकाशा बघून प्रथिन कुठलं ते सांगता येतं. फक्त लाइट टिकायला हवी. पेन शेवटच्या शिखराशी आलं की ती जायची, आणि मी सगळं पुन्हा लावायचो.

इंदापूरकडच्या एका कळपाचं दूध मी स्वतः आणलं होतं. कऱ्हाटीजवळच्या आमच्या वस्तीवरचं तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, बर्फात घालून कंडक्टरबरोबर पाठवलं. आणि आमच्या नकाशात दोन शिखरं जास्त! पुन्हा मागवलं, पुन्हा तीच. आमच्या मेंढ्यांत जगावेगळं प्रथिन आहे, असं मी ठरवूनच टाकलं. घरी पेढे नेले, प्रयोगशाळेतही वाटले. मार्गदर्शक पेढा चघळत म्हणाले, "समोर उभं राहून काढलेलं दूध आणा. मग सही करतो."

गेलो. तात्यांनी सगळ्या मेंढ्यांच्या धारा काढल्या, तरी बाटली अर्धीच झाली. मी बूच लावायला हात पुढं केला, तर तात्या बाटली घेऊन शेळीखाली बसले.

"तात्या, हे काय?"

"भरतो की बाटली."

"शेळीच्या दुधानं?"

"मग? अर्धं भांडं दारातनं भाईर जात न्हाय आपल्यात. कळपाला बरं न्हाय ते."

"मागच्या वेळीही?"

"व्हय, दोनी येळंला. तवा तर पेढं घिऊन आलतास!"

मी तिथंच बसलो. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही; लहानपणापासून मी भरलेलीच भांडी वाहत आलो होतो. पण विचारावंसं कधी वाटलं नाही.

तात्यांचा आवाज उतरला. "आता तुजं ते डाक्टर व्हायचं ऱ्हातंय व्हय रं?"

ते उठले, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन आणली आणि मेंढीचं दूध तीत काठोकाठ भरलं. शेळीचं दुसऱ्या बाटलीत, तेही काठोकाठ.

ती दोन शिखरं शेळीचीच निघाली. सही झाली नाही. मुदत वाढली आणि विषय बदलला: मेंढीच्या दुधात शेळीचं मिसळलेलं कसं ओळखावं. पुन्हा पहिल्यापासून तेच यंत्र, तीच लाइट, तीच डुलकी.

आता मला मुद्दाम मिसळलेली दुधं हवी होती. या कामाला सरावलेला माणूस घरातच होता, म्हणून तात्यांना सांगून बघितलं.

"भेसळ?" तात्या ताडकन म्हणाले. "आमी असलं करत न्हाय."