अठ्ठावन्नावर थांबलेला आकडा

१२ ऑगस्ट २०२४ रोजी गुंडुरावांनी बारा ब्लूटूथ मॉड्यूलांचे ३,४८० रुपये चुकते केले. नगाला दोनशे नव्वद. टपाल तिकिटाहून थोडा मोठा हिरवा तुकडा, पण तो तापमानाच्या पेटीत बसवला की पेटीचा आकडा चाळीस-पन्नास फुटांवरच्या फोनवर दिसे.

गुंडुराव म्हैसूरच्या चामराजपुरमचे. घराणं रंगाऱ्यांचं; आजोबांपर्यंत कापड रंगवलं. त्यांनी स्वतः कडकोळच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सोल्डरिंग केलं आणि निवृत्तीनंतर हुणसूरकडच्या शेतकऱ्यांसाठी या पेट्या बनवू लागले. तिकडे तंबाखूची पानं मातीच्या उंच कोठीत, खाली लाकडाचा जाळ घालून वाळवतात. तिला तिथे बॅरन म्हणतात. उष्णता हाताबाहेर गेली की पानं करपतात, कधी सगळी बॅरन पेटते. म्हणून बायका दर अर्ध्या तासाला भिंतीशी जाऊन आकडा बघायच्या. त्या खेड्यात फोनला रेंज नाही, आणि बाहेरची तयार यंत्रं नऊ हजारांची. गुंडुरावांची मुलगी विद्याश्री हिने मॉड्यूल सुचवलं, फोनचं अॅपही करून दिलं. अकरा बॅरनींवर अकरा पेट्या बसल्या. बारावी घरी राहिली.

माणूस जात्याच भित्रा. गॅस बंद केला की तीनदा बघणारा. तापलेल्या भिंतीवर प्लॅस्टिकची पेटी वितळली तर, या विचाराने त्यांचं जेवण गोड लागेना. शेवटी अॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणून त्यांनी बारावी पेटी चारी बाजूंनी गुंडाळली. आकड्याची काचही झाकली. फोन असताना काच कशाला? दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने जाऊन अकराही पेट्यांना पट्टी चढवली आणि दहाला घरी येऊन चहा मागितला.

चहा आला नाही. स्वयंपाकघरातून हाक आली.

"री, अहो, इकडं या की! तुमची पेटी म्हणती पाणी एकतीस. माझा भात उतू चाललाय!"

त्यांच्या बायकोने, इंदिराबाईंनी, गंमत म्हणून बाराव्या पेटीची तार आधणात सोडली होती आणि आकडा फोनवर बघून आल्या होत्या. गुंडुरावांनी बाहेरच्या खोलीतला फोन पाहिला. एकतीस. त्यांनी नखाने पट्टी ओरबाडली. आकडा उडी मारून अठ्ठ्याण्णववर गेला आणि फोन किंचाळू लागला.

धातूच्या वेष्टणातून लहरी बाहेर येत नाहीत, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? अठ्ठावीस वर्षं असल्याच यंत्रांवर काम केलं होतं. आणि संपर्क तुटला तरी फोन शेवटचा आकडाच दाखवत राहतो. आजोबा म्हणायचे, शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ उतरल्याशिवाय रंगाची ग्वाही देऊ नये. यांनी पट्टी लावल्यावर एकदाही न तपासता ग्वाही दिली होती.

"अय्यो, चहा तरी—"

"साकु, पुरे! अकरा घरं आहेत तिथं!"

बसमध्ये त्यांनी शिवप्रसादला वीसदा फोन लावला. प्रत्येक वेळी तेच उत्तर, संपर्क क्षेत्राबाहेर. शिवप्रसादची बॅरन सगळ्यात जुनी. सकाळी तिथून निघताना फोनवर अठ्ठावन्न होते आणि त्याची बायको सुमा म्हणाली होती, पासष्टला न्यायचंय, लाकूड वाढवते. म्हणजे आकडा हलत नाही म्हणून ती लाकूड घालतच असणार. बॅरनीच्या वळचणीला तिने मुलीचा पाळणा बांधला होता. गुंडुराव खिडकीतून क्षितिजावर धूर शोधू लागले. दोन ठिकाणी दिसला. एक वीटभट्टी निघाली. दुसरा कसला, ते बस वळेपर्यंत कळलं नाही. ड्रायव्हरने वाटेत माणसं घेतली, उतरवली, एकदा खाली उतरून नारळपाणी प्यायला. गुंडुरावांनी सीटचा गज इतका घट्ट धरला होता की तळव्यावर गंजाचा पट्टा उमटला.

फाट्यावर भीमसेनचं चहाचं दुकान. "पुन्हा आलात, रायरे? सकाळी काही विसरलात?"

"स्कूटर काढ. आधी शिवप्रसादकडे. बोलू नको."

टाकीत थेंब नव्हता. भीमसेनने बाटलीतलं विकायचं पेट्रोल ओतलं, तेवढा वेळही त्यांना सोसवेना.

अंगणात धूर नव्हता. पाळणा हलत होता. सुमा भट्टीच्या तोंडाशी ओंडका घेऊन बसली होती, घामाने निथळत.

"नोडी, बघा रायरे, किती लाकूड घातलं, अठ्ठावन्नाच्या वर जायला तयार नाही!"

"फेक तो ओंडका बाजूला! पोरीला आत ने!"

त्यांनी भिंतीवरच्या पेटीची पट्टी ओढली. बोटं भाजली. सुमाच्या कमरेला खोचलेला फोन कर्कश ओरडू लागला: एक्क्याऐंशी. शेताकडून शिवप्रसाद धावत आला. दोघांनी भट्टीतले जळते ओंडके बाहेर ओढले, भीमसेनने वरचे झरोके उघडले. दार उघडलं तेव्हा खालच्या ओळीची पानं काळी पडलेली होती. एक पान भट्टीची धग आत नेणाऱ्या तापल्या नळावर गळून कडेने लाल होत होतं. शिवप्रसादने ते पायाने चिरडलं आणि कितीतरी वेळ चिरडतच राहिला.

गुंडुराव पायरीवर बसले. सुमाने मुलीला कडेवर घेतलं, त्यांना तांब्यातून पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्या पेटीला माझ्यापेक्षा जास्त झोप आहे, रायरे."

ते हसले नाहीत. पाणी न पिताच उठले. उरलेल्या दहा घरी भीमसेनने त्यांना नेलं. दोन ठिकाणी सत्तरच्या पुढे होतं, बाकी ठीक. दोन वाजेपर्यंत अकराही पेट्या उघड्या झाल्या.

आता पेट्या लाकडी ठोकळ्यावर, भिंतीपासून वीतभर दूर असतात. मिनिटभर खबर आली नाही तरी फोन बोंब मारतो. ते विद्याश्रीने केलं. काळ्या पानांची भरपाई शिवप्रसादने निम्मीच घेतली.

भीमसेनचे पेट्रोलचे एकशे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.