थोरलीचं पैंजण

पनवेलच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती मला एकदाच भेटली. मी गुडघ्यासाठी गेले होते, ती गव्हाणहून तान्ह्या मुलीला घेऊन आली होती. बोलताना मुलीच्या पायातलं पैंजण वाजलं, की ती दचकून गप्प व्हायची आणि त्या पायाकडे बघत राहायची. मी त्या उघड्या पायांवर दुपटं घातलं, तर तिने ते लगेच काढलं.

तिने आजाराचं नाव सांगितलं आणि मी चपापले. जनुकाचा निरोप जोडताना शरीर त्यातला एक तुकडा गाळतं आणि हातापायांतलं बळ जातं, हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत होते. तो तुकडा गळू न देणारं, मणक्यात द्यायचं इंजेक्शन निघाल्याचंही वाचलं होतं; या मुलीला तेच मिळालं होतं. पण ते औषध असं माझ्यासमोर लाथा झाडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पैंजण छान वाजतं हो."

"थोरलीचं हाय," ती म्हणाली. "तिला पण हाच आजार. तेव्हा औषध नव्हतं. दीड वर्षाची असताना वारली, तोवर तिच्या पायात हे एकदा पण वाजलं नाय."