अजून नाही

रातमीमावशीच्या ओसरीत पिंजऱ्यात एक होला आहे. तिचा नवरा वारला, तेव्हा त्याच्या मागे राहिलेला. रोज सकाळी ती त्याला दाणे घालते आणि विचारते, "खाल्लंस का रे?" होल्याला या प्रश्नाचा राग येत नाही. गावात असं विचारलेलं चालणारा तो आता एकटाच आहे.

आम्ही जावा बेटावरची माणसं एकाच नावाच्या दोन भाषा बोलतो. एक बरोबरीच्यांशी आणि लहानांशी, दुसरी थोरांशी. 'तू'च्या जागी 'तुम्ही' घातलं की भागलं, असं इथे नाही. खाणं, झोपणं, घर, डोकं, अगदी 'मी' म्हणायचा शब्दसुद्धा वेगळा. 'अजून नाही' एवढंच सांगायचं असेल, तरी होल्याला म्हणायचं 'दुरुंग' आणि गुरुजींना म्हणायचं 'देरेंग'. मुलं चालायला शिकतात त्याच्या आगेमागे हेही शिकतात आणि पुढे कधी विसरत नाहीत.

रातमीमावशी पाठीवरच्या टोपलीत काढ्याच्या बाटल्या घेऊन दारोदार हिंडायची. हळद-चिंचेचा काढा, तांदूळ नि कचोऱ्याच्या कंदाचा काढा, बाळंतिणीसाठी वेगळा, पित्तासाठी वेगळा. तिचा अर्धा धंदा काढ्याचा आणि अर्धा बोलण्याचा. म्हाताऱ्यांच्या अंगणात ती अशी काही अदबीनं बोलायची, की पित्त नसलेलेसुद्धा पेलाभर घ्यायचे. तिचे वडील, कार्सो, डोंगराकडच्या गावात लग्नसमारंभात बोलायचं काम करत. वधूपक्षाचं स्वागत, वडीलधाऱ्यांना विनवणी, सगळं थोरांच्या भाषेत, घोळवून. त्यांनी लेकीला चुकीच्या शब्दाला हातावर टिचकी मारून शिकवलं होतं.

मग एका सकाळी पुलाच्या वळणावर मागून आलेल्या स्कूटरचा धक्का तिच्या टोपलीला लागला आणि पडताना तिचं डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं. रस्त्यावरचा हळदीचा डाग पुढचा पाऊस येईपर्यंत तसाच होता.

टाके निघाले, केस उगवले. डोकेदुखी मात्र कायमची राहायला आली. खाली वाकलं की घर फिरतं. ऊन डोळ्यांत टोचतं. खलबत्त्याचा आवाज कवटीत घुसतो, म्हणून ती आता मुळ्या कुटत नाही, पाट्यावर हळूहळू वाटते. मध्येच थांबते, भिंतीला डोकं टेकते. हिंडणं संपलं. ज्यांना हवा ते बाटली घेऊन तिच्या दारी येतात. सुरुवातीला बरेच यायचे.

शब्दांचं लक्षात आलं ते दार्सोनो गुरुजी तिला भेटायला आले तेव्हा. गावातले सगळ्यात वयोवृद्ध गृहस्थ, हातात संत्र्यांची पिशवी. मावशी उठून बसली आणि म्हणाली, "ये, बस. खाल्लंस का काही?"

गुरुजी हसले. म्हणाले, "अजून गुंगीत आहे पोर."

मी तिची शेजारीण, जवळच बसले होते. तिचा चेहरा मला दिसत होता. शब्द बाहेर पडल्यावर तो चुकलाय हे तिला ऐकू आलं होतं. तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा तेच आलं. थोरांची भाषा तिला समजत होती, अगदी बारीक चूकही पकडता येत होती. बोलता तेवढी येत नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर बाहेरच्या बेटावरचा, जावानीज न येणारा. तो सरकारी इंडोनेशियन भाषेत प्रश्न विचारायचा आणि मावशी त्याच भाषेत स्वच्छ उत्तरं द्यायची. त्या भाषेत लहानथोर असलं काही नाही.

"बोलणं तर उत्तम आहे," तो म्हणाला. "बरं वाटतंय ना?"

"अजून नाही," मावशी म्हणाली.

वर्षानं तो म्हणाला की या दुखण्यात जे सुधारायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच सुधारतं, आता आहे त्याची सवय करून घ्या. मावशीनं मान डोलावली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "म्हणाले अजून नाही." तो तसं म्हणाला नव्हता, मी दारातच उभी होते. आमच्याकडे 'नाही' म्हणायची पद्धतच कमी. लग्न झालं का, मूल आहे का, बरी झालीस का, सगळ्याला 'अजून नाही'. पण बाकीचे ते सवयीनं म्हणतात. मावशी म्हणते तेव्हा तिला तेच म्हणायचं असतं.

लोकांना किती समजावणार. भाजीवाल्याच्या गाडीशी बायका म्हणायच्या, "राणीसाहेब झाल्यात हल्ली. वाटेत भेटल्या तरी तोंड उघडत नाहीत."

"उघडलं तर मार खातील," दुसरी म्हणायची. "परवा माझ्या सासूला म्हणाली, सरक."

हसणं वाईट हेतूचं नसायचं. पण मावशीनं भिशीला जाणं सोडलं, मग मयताला, मग बारशाला. संध्याकाळी तिच्या ओसरीतला दिवासुद्धा लागत नसे, उजेड सोसत नाही म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं घरात कुणी नाही.

वडिलांपासून तिनं हे लपवलं. डोक्याला लागल्याचं त्यांना ठाऊक होतं, शब्दांचं नाही. एकदा मीच सुचवलं, फोनवर इंडोनेशियनमध्ये बोला, त्यात चूक व्हायचा प्रश्न नाही. तिनं तसं केलं. पलीकडून म्हातारा म्हणाला, "कुठल्या कचेरीतून बोलताय?"

"बाबा, मी रातमी."

"रातमी बापाशी साहेबांच्या भाषेत बोलत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ईदच्या सकाळी आम्ही थोरांपुढे गुडघे टेकतो, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. ठरलेले शब्द आहेत, थोरांच्या भाषेतले. रातमीमावशी दोन ईदा वडिलांकडे गेली नाही. डोकं दुखतंय, असा निरोप पाठवला; तो खराही होता. पण ज्या माणसाचं आयुष्य त्या भाषेवर गेलं, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून त्याला 'अरे-तुरे' करायचं, हे तिला मरणाहून अवघड होतं. यंदा रमजानात तिच्या चुलतभावाचा निरोप आला: म्हाताऱ्याला आता आधाराशिवाय बसवत नाही. ते म्हणतात, लेकीला माझ्यापुढे वाकायची लाज वाटते तर राहू दे.

निरोप ऐकून मावशी कितीतरी वेळ होल्याच्या पिंजऱ्याशी उभी होती. मग मला म्हणाली, "तुझी स्कूटर हळू चालते का?"

ईदच्या आदल्या रात्रभर मशिदीचा नगारा आणि फटाके चालू होते. सकाळी तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. कानात कापूस, डोक्यावर जाड ओढणी, डोळे मिटलेले. पूर्ण घाट ती माझ्या पाठीला कपाळ टेकून होती. ओठ हलत होते. ते ठरलेले शब्द ती मनात म्हणत असावी. मनात ते येत असतील.

कार्सो आजोबा उशांना टेकून वेताच्या खुर्चीत बसले होते. खांद्यावर इस्त्री केलेलं बाटिकचं कापड. मावशी आत गेली. खोलीतली बाकीची माणसं चहाकडे वळल्यासारखं करू लागली. मी उंबऱ्यातच थांबले.

मावशी गुडघ्यांवर बसली. वाकताना तिनं खुर्चीचा पाय घट्ट धरला, तोल जाऊ नये म्हणून. डोकं त्यांच्या मांडीवर टेकलं. ठरलेले शब्द ओठांवर आले नाहीत. मग ती म्हणाली,

"बाबा. मी चुकले. मला माफ कर."

चहाच्या पेल्यांचा आवाज थांबला. आजोबांचा हात तिच्या डोक्याकडे निघाला होता, तो हवेतच राहिला.

"कसं बोलतेस हे?"

"तेवढंच येतं. पडल्यापासून. बाकीचं तोंडात येत नाही, बाबा. तुला ऐकवायला नको, म्हणून आले नाही."

 आजोबांचा हात खाली आला. ओढणीखालून बोटं फिरली आणि टाक्यांच्या उंचवट्यावर थांबली.

"दुधाचे दात पडायच्या आधी असं बोलायचीस," ते म्हणाले. "मग मी टिचक्या मारल्या." त्यांनी विचारलं, "एकही शब्द परत आला नाही?"

"देरेंग," मावशी म्हणाली.

थोरांचा शब्द तोंडून गेला, हे तिला कळलं नाही. चेहरा मांडीतच होता, श्वास लागला होता. आजोबांना कळलं. त्यांची बोटं क्षणभर थांबली आणि मी त्यांना डोळे मिटताना पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "ऊठ आता हळूच. कुणीतरी तिला धरा. चहा निवतोय."

परतीच्या वाटेवर मावशीला ओकारी झाली. घाटात एका झाडाखाली आम्ही बसून राहिलो. तिचं डोकं फुटत होतं. मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "मावशी, तुम्ही देरेंग म्हणालात."

"कधी?"

"आजोबांना. त्यांनी विचारलं तेव्हा."

 मग तिनं तोंड उघडलं, जीभ टाळ्याला लावली, आणि थांबली. पुन्हा केलं. रस्त्यानं ईदच्या कपड्यातली माणसं स्कूटरवरून जात होती, मागे बसलेल्या मुली हात हलवत होत्या.

"दु...," ती म्हणाली. "दुरुंग."

नंतरचा आठवडा तिचं दार बंद होतं. आठव्या-नवव्या दिवशी पहाटे मी आमच्या विहिरीवर होते. तिच्या ओसरीत अंधारच होता. आतून पेल्यात दाणे पडल्याचा आवाज आला, आणि ती होल्याला काहीतरी सांगत होती. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, 'दे...'वर अडखळणारा. मी बादली खाली ठेवली नाही, आवाज होईल म्हणून.