परसूभाऊंचा उसना

नोकरीवर हजर व्हायला गेलो त्या सकाळी परसूभाऊ कापगते आमच्या अग्निशमन केंद्रातल्या सगळ्यात भारी नोझलने वांग्यांना पाणी घालत होते. बंब बाहेर काढलेला, पंप घरघरतोय, आणि हे गुडघ्यापर्यंत पँट दुमडून वाफ्यात उभे. मी सलाम ठोकला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पहा जी, वांगे कसे खूश होऊन राहिले. याच्यासाठीच तं आहे हा नवरदेव."

नवरदेव म्हणजे फॉग नोझल. पुढचं कडं फिरवलं की पाण्याची छत्री उघडते, धुकं उडतं, लोक बघत राहतात. दुसरं आपलं साधं जेट, एकच भोक आणि एकच सरळ धार. त्याचं नाव सासरा. "सासरा एकच गोष्ट बोलते, पण नेमकी बोलते," असं परसूभाऊ सांगायचे. त्यांचा डावा कान आक्रसून सुकलेल्या मिरचीसारखा झाला होता आणि त्याचीही गोष्ट रोज वेगळी. सोमवारी तो अस्वलाने चावलेला असे, मंगळवारी बायकोने पिळलेला. विचारणारा दमायचा, सांगणारा नाही.

मी नगर जिल्ह्याकडचा. प्रशिक्षण संपवून ताजा ताजा गोंदियात आलेलो, म्हणजे अर्थातच शहाणा. फॉगचे बारीक थेंब जास्त उष्णता ओढून घेतात, हे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. बाहेर नवरदेव, गॅसले नवरदेव. पण बंद खोलीत त्याले घेऊन गेला का उसना होशील."

आता आमच्याकडे उसना म्हणजे उधार आणलेला! मला वाटलं, आधीच्या कुणा पोराने यांना बुडवलं असणार, म्हणून आल्या आल्या तंबी देतायत. मी कानाला खडा लावला. साबण संपला तरी कुणाकडे मागितला नाही, नुसत्या पाण्याने अंघोळी उरकल्या. काही दिवसांनी परसूभाऊ नाक दाबून जवळ आले. "काऊन जी नगरवाले, साबणाशी भांडण झालं काय?"

"मी कुणाचं उसनं घेत नाही," मी ताठ मानेने सांगितलं.

ते हसत हसत खालीच बसले. मग मला मोटरसायकलवर मागे घालून थेट गोरेगावच्या वाटेवरच्या एका राइस मिलमध्ये नेलं. तिथे भिजवलेलं धान वाफेवर धरलं होतं. त्यातलं मूठभर त्यांनी माझ्या हातावर ओतलं. मी हात झटकत नाचायला लागलो. "हा उसना," ते म्हणाले. "टरफल पहा, जसंच्या तसं. दाणा आतल्या आत शिजला. तुझा कोटही असाच राहीन, धडधाकट, अन् आत तू. बंद खोलीत फवारा मारला का वाफ होते. ते वाफ जाईन कुठं? तुझ्याच अंगावर न!"

मिलवाल्याने जेवायला बसवलं तेव्हा परसूभाऊंनी ताटातला भात बाजूला सारला. तिथे घरोघर उसन्या तांदळाचा भात, आणि हा भला माणूस त्याला शिवेना. "आपल्याच भाऊबंदाले कसा खाऊ जी?" म्हणाले. सगळे खो खो हसले, मीही हसलो.

त्यानंतर फुलचूरला भरदुपारी आग लागली. दुर्गाबाई नावाच्या, शिलाईकाम करणाऱ्या बाईंचं दोन खोल्यांचं घर. पुढची खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी पेटलेली, आणि बाई मागच्या खोलीत दार लावून अडकलेल्या. मागच्या खिडकीला लोखंडी जाळी. आतून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मी बंबाचं कपाट उघडलं आणि हात आपसूक नवरदेवाकडे गेला. खोटं कशाला बोलू, मला ती पाण्याची छत्री समोर धरायला हवी होती.

"नगरवाले!" मागून परसूभाऊ गरजले. "बाईले उसनी करतं काय?"

चटका बसल्यासारखा हात मागे आला. मी सासरा उचलला. बाकीच्यांनी पुढच्या खोलीची खिडकी फोडली आणि मी उंबऱ्यात पोटावर पडून छताकडे धार सोडली. परसूभाऊ पाठीशी. "वर मार. थांब. आता मार." मध्येच बाईंशी संवाद चालू. "बाई, दार उघडू नका! ओली चादर दाराखाली कोंबा!"

"ओली कुठून करू? नळाले पाणी आहे काय?"

"मंग आम्ही कायले आलो?"

हळूहळू छताखालचा लाल उजेड विझला. बाई धड बाहेर आल्या, खोकल्या, आणि उरलेले भिजके गठ्ठे बघून आमच्यावरच घसरल्या. "लग्नाचे ब्लाऊज होते! सारे भिजवून टाकले!" परसूभाऊंनी हात जोडले. "ब्लाऊज भिजले बाई, पण तुम्ही तं उसन्या नाही झाल्या न." बाई रडता रडता हसू लागल्या.

निवृत्त झाल्यावर ते सौंदडजवळच्या गावी गेले आणि वाडवडिलांनी बांधलेल्या तलावाच्या पाळीखाली वांगी लावून बसले. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. तेरवीच्या पंगतीत त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्याजवळ येऊन बसल्या. "पोटभर जेवा भाऊ. साधाच भात आहे. यांचा कान जळला तेव्हापासून घरात उसना येत नाही."

"कान? जळला?"

"तुम्हाले नाही सांगितलं? नवीन होते तेव्हा बंद खोलीत फवारा घेऊन गेले होते. मी दवाखान्यात भेटाले गेली तं म्हणे, मी उसना होऊन आलो. पुढं त्या भाताचा वास आला का पानावरून उठून जायचे."

इतकी वर्षं आम्ही त्या भाऊबंदावर हसत होतो, आणि ते आम्हाला हसू देत होते. भर पंगतीत मला रडू फुटलं.

परवा केंद्रात कोल्हापूरकडची एक मुलगी फायरमन म्हणून रुजू झाली. हुशार आहे, फॉगचं सगळं तोंडपाठ. मी नवरदेवाने वांग्यांना पाणी घालत होतो. तिला म्हटलं, "बंद खोलीत हा घेऊन गेलीस का उसनी होशील." तिने गंभीरपणे मान डोलावली. तेव्हापासून ती कुणाकडे चिमूटभर साखरही मागत नाही, चहा कडू पिते. तिला राइस मिलमध्ये न्यायला हवं. नेणारच आहे. पण किक मारायला गेलो की मागून आवाज येतो, "थांब जी नगरवाले, अजून एक दिवस पिऊ दे."